पंढरीचे भूत आणि कॉलिनवुडचा रक्तपिपासू

१/
मराठीत एखादा भयविनोदी चित्रपट आला की तो कोणत्या इंग्रजी चित्रपटावरून उचलला, याचा शोध आधी सुरू होतो. भुताला हसायला महाराष्ट्राला जणू हॉलिवुडने शिकवले! वस्तुतः या हसण्याची एक जुनी वाट पंढरपुरातून जाते. तिच्यावर तुकोबा आहेत, एकनाथ आहेत, गाडगेबाबा आहेत आणि पंढरपुरात शिकलेले द. मा. मिरासदारही आहेत. ती वाट नजरेआड झाल्याने आजच्या भयविनोदाचे काय हरवते आहे, याविषयी हा धागा.

२/
तुलनेसाठी प्रथम एक परदेशी उदाहरण. २७ जून १९६६ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘डार्क शॅडोज’ ही दैनंदिन मालिका सुरू झाली. निर्माते डॅन कर्टिस. मेन राज्यातले समुद्रकाठचे एक काल्पनिक गाव, तिथले कॉलिन्स घराणे आणि त्यांचा कॉलिनवुड हा जुना वाडा. आरंभी मालिकेत भुते नव्हती. प्रेक्षक मिळेनात तेव्हा भुते आली आणि १९६७ मध्ये बार्नबस कॉलिन्स हा शापित रक्तपिपासू आला. जोनाथन फ्रिड यांची ती भूमिका इतकी गाजली की मालिका १९७१ पर्यंत चालली. एकूण भाग १,२२५.

३/
मालिका दुपारी लागे. शाळा सुटली की मुले तिच्यासाठी घराकडे धावत. खर्च बेताचा होता. नट संवाद विसरत, नेपथ्याच्या भिंती हलत. आज ते भाग पाहताना हसू येते, पण ते हसू मालिकेने मागितलेले नाही. तिने आपल्या रक्तपिपासूला गांभीर्याने घेतले होते. बार्नबस माणसे मारतो आणि आपल्या शापाने पोळतोही. त्याची भीती वाटावी आणि त्याच वेळी कणवही यावी, हे त्या मालिकेचे बळ होते.

४/
लहानपणी या मालिकेच्या नादी लागलेल्यांपैकी दोघे म्हणजे टिम बर्टन आणि जॉनी डेप. त्यांनी मे २०१२ मध्ये त्याच नावाचा विनोदी चित्रपट आणला. अठराव्या शतकात गाडला गेलेला बार्नबस १९७२ मध्ये शवपेटीतून बाहेर येतो आणि नव्या जगाला बिचकतो. खाणावळीच्या पाटीवरचे ‘एम’ हे अक्षर त्याला सैतानाची खूण वाटते. दूरचित्रवाणी संचात गाणारी बाई कुठे दडली आहे हे पाहण्यासाठी तो संचच फोडतो. मूळ बार्नबस, म्हणजे जोनाथन फ्रिड, क्षणभर पाहुणा म्हणून दिसतात. चित्रपट लागण्यापूर्वी काही आठवडे, एप्रिलमध्येच, त्यांचे निधन झाले.

५/
चित्रपट देखणा आहे, अधूनमधून हसवतोही. पण त्याच्या विनोदाचा हिशेब तपासावा. पेटीतून सुटताच बार्नबस ती उकरणाऱ्या मजुरांना मारतो. पुढे शेकोटीभोवती बसलेल्या तरुणांशी तो आदबीने गप्पा मारतो, मग त्यांचाही जीव घेतो. मेलेल्यांना नाव नाही, घर नाही. मारणारा सभ्य भाषेत खंत व्यक्त करतो, प्रेक्षक हसतो आणि कथा पुढे सरकते. हसू येते ते जुन्या माणसाच्या अडाणीपणाचे. त्याच्या भुकेचा जाब त्याला कोणी विचारत नाही.

६/
मराठीतल्या ‘भूत’ या शब्दाचा विस्तार इथे ध्यानात घ्यावा. ‘भू’ म्हणजे होणे. भूत म्हणजे होऊन गेलेले, म्हणून भूतकाळ. भूत म्हणजे अस्तित्वात असलेला जीव, म्हणून भूतदया. आणि भूत म्हणजे पिशाच. एकाच शब्दात गतकाळ, प्राणिमात्र आणि पिशाच असे तिघे राहतात. तेव्हा भुताची गोष्ट ही गतकाळाशी आणि भोवतालच्या जिवांशी असलेल्या नात्याची गोष्ट असते, याची सूचना मराठी माणसाला भाषेतूनच मिळालेली आहे.

७/
मराठी भुतांची जातकुळीही हेच सांगते. मुंज झाली पण लग्नापूर्वी मेला, तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे हडळ. धनात जीव अडकून राहिला, तो समंध. प्रत्येकामागे एक अपुरे राहिलेले देणे आहे. बाळंतपणात बायका मरत होत्या म्हणून हडळ होती. ही भुते भीती घालत, आणि त्या भीतीतून गाव आपल्या अन्यायांची एक वेडीवाकडी नोंदही ठेवत असे.

८/
या भीतीवर ज्यांचे पोट चाले ते देवऋषी, भगत, मांत्रिक. उतारा टाकायचा, लिंबू कापायचे, कोंबडे मागायचे. या धंद्याला वारकरी संतांनी जे उत्तर दिले, ते मराठी भयविनोदाचे उगमस्थान मानावे. तुकोबांचा एक अभंग प्रत्यक्ष विठ्ठलालाच पंढरीचे भूत ठरवतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते भर वाटेत झडपते, आणि त्याने धरलेला माणूस परत येत नाही, असा त्याचा आशय आहे. ‘झडपणे’ ही सारी बोली देवऋष्याची. तुकोबांनी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि भक्तीच्या कामाला लावली.

९/
त्याआधी सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांत हेच केले होते. त्यांच्या एका भारुडात घरातली बाई तक्रार करते की भूत फार जबर आहे, काही केल्या उतरत नाही. लिंबू, नारळ, कोंबडा सगळे उतारे वाया जातात. हे भूत नारदाला लागले, ध्रुवबाळालाही लागले, असे सांगत भारूड पुढे जाते. शेवटी उलगडते की हे भूत सर्वांभूती भरलेले आहे. पिशाच आणि प्राणिमात्र या दोन अर्थांवर नाथांनी इथे मुद्दाम खेळ केला आहे.

१०/
भारूड हा सोंगाचा प्रकार आहे. पुरुष लुगडे नेसून झपाटलेली बाई होतो, केस मोकळे सोडून घुमतो, समोरचे वारकरी हसून लोटपोट होतात. या हसण्यात दोन गोष्टी घडतात. घुमण्याचे तंत्र उघड्यावर येते, कारण सोंग घेणारा कोण हे सर्वांना माहीत असते. आणि देवऋष्याचे दुकान निष्प्रभ ठरते. सोंग संपते तेव्हा भीती कमी झालेली असते. हसू कोणत्या दिशेने वाहते, याची ही कसोटी पुढच्या सर्व उदाहरणांना लावता येते.

११/
विसाव्या शतकात ती दिशा गाडगेबाबांनी राखली. पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांतली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली. बाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. साधा प्रश्न विचारायचा, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे आणि त्या उत्तरातच त्यांची समजूत उलटी करायची. नवस, पशुबळी, भूत, भगत हे त्यांचे नेहमीचे विषय. समोरचा खेडूत हसे, पण बाबांनी त्याला कधी हास्यास्पद केले नाही. हास्यास्पद ठरे ते त्याला नाडणारे ढोंग.

१२/
आता मिरासदार. दत्ताराम मारुती मिरासदार यांचा जन्म १९२७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्याच अकलूजचा. शिक्षण अकलूज आणि पंढरपूर येथे, पुढे पुण्यात. काही काळ पत्रकारी, मग शाळेत शिक्षक, नंतर मराठीचे प्राध्यापक. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्यासह त्यांनी कथाकथन महाराष्ट्रभर लोकप्रिय केले. १९९८ मध्ये परळी वैजनाथच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

१३/
पंढरपूर हे अनोळखी माणसांच्या सततच्या वर्दळीचे गाव. यात्रेत बातमी कोठून निघते आणि महाद्वारापर्यंत पोहोचताना तिला किती शेपट्या फुटतात, हे तिथल्या पोराला शाळेआधी कळते. मिरासदारांच्या विनोदाची जमीन अशीच आहे: चावडी, पार, थापा, अफवा, शाळामास्तर. त्यांच्या एका प्रसिद्ध कथेचे नाव ‘भुताचा जन्म’. मेल्यावर भूत होते, हा लोकसमज. मिरासदारांनी शीर्षकातच भुताच्या जन्माची भाषा केली. भूत जिवंत माणसांत जन्माला येते, त्यांच्या बोलण्याने वाढते, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

१४/
१९८२ चा ‘एक डाव भुताचा’ हा चित्रपट याच मिरासदारांच्या लेखणीचा. हेडमास्तरची भूमिकाही त्यांनीच केली. दिलीप प्रभावळकर झाले गावातला मास्तर, अशोक सराफ झाले खंडोजी फर्जंद, मराठेशाहीतले भूत. मास्तर आणि भूत यांची दोस्ती जमते आणि गावातल्या हुशार माणसांची गंमत सुरू होते. प्रभावळकर तेव्हा घरोघरी ठाऊक होते ते दूरदर्शनवरचे चिमणराव म्हणून. त्या मालिकेवरून ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही १९७९ मध्ये निघाला होता. मालिकेतून चित्रपट काढण्याची कल्पना मराठीला नवी नव्हती.

१५/
बार्नबस आणि खंडोजी यांना शेजारी उभे केले की फरक दिसतो. दोघेही जुन्या काळातून नव्या काळात आलेले. बार्नबसला नवे जग समजत नाही, म्हणून तो विनोदी. त्याच्या हातून माणसे मरतात ती विनोदाच्या ओघात वाहून जातात. खंडोजीची दोस्ती होते ती एका साध्या मास्तराशी, आणि हसू उमटते ते गावातल्या जिवंत माणसांच्या वागण्यावर. मिरासदारांचे भूत कुणाचे रक्त पीत नाही; गावात एकमेकांचे रक्त पिणारे पुरेसे आहेत, हे त्यांना माहीत असावे.

१६/
दहा वर्षांत वळण बदलले. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. गुंड तात्या विंचू मरता मरता मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. बीज १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाचे, पण बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा, भोळा लक्ष्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचा आणि तात्या विंचू पुन्हा प्रभावळकरांचा. चित्रपट अस्सल मराठी झाला आणि तीन पिढ्यांना पाठ झाला. पण भारुडाची कसोटी लावली तर एक गोष्ट खटकते. बाबा चमत्कार विनोदी दिसतो, त्याचा मंत्र मात्र खरा ठरतो. मांत्रिकाला हसून झाल्यावरही त्याची विद्या शाबूत राहते.

१७/
हे बारीक वाटेल. पण त्याचे वजन पुढच्या एका वर्षाने दाखवले. जून २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत झळकला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीतला पहिलाच प्रकार भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाचा आहे: बांधून मारणे, टांगणे, चटके देणे, विष्ठा-मूत्र तोंडात कोंबणे. एकविसाव्या शतकात कायद्याला हे लिहावे लागले, कारण हे घडत होते.

१८/
या कायद्याला विरोध करणाऱ्यांत काही वारकरी संघटनाही होत्या. वारी आणि कीर्तनावर गदा येईल ही त्यांची भीती. मसुदा बदलत गेला. वारी, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना कायद्याने स्पष्टपणे मोकळीक दिली. नाथांचे भारूड आणि गाडगेबाबांचे कीर्तन आठवले तर ही भीती अनाठायी होती. देवऋष्याच्या उताऱ्यावर वाळवंटात हसण्याची रीत वारकऱ्यांचीच आहे. जे काम अनुसूचीला कलमे मांडून करावे लागले, त्याची सुरुवात त्यांच्याच परंपरेने सोंग घेऊन केली होती.

१९/
‘चित्रपटाने हसवावे, प्रबोधन करू नये’ हा आक्षेप येईलच. पण मिरासदारांनी प्रबोधन कुठे केले? त्यांनी फक्त हसण्याचा रोख जिवंत माणसांकडे ठेवला. आणि ‘झपाटलेला’ पाहून कोणी मांत्रिकाकडे धावले, असेही म्हणायचे नाही. म्हणणे इतकेच की विनोद हे मोठे शस्त्र आहे. ते मराठीत देवऋष्यावर चालत असे. आता ते हवेत फिरवून म्यान केले जाते.

२०/
दुसरे नुकसान भुतांच्या ओळखीचे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन यांनी त्या इंग्रजीत आणताना वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ केला. वास्तविक तो वेताळ राजाला कोडी घालतो, न्यायाचे प्रश्न विचारतो. कोकण-गोव्यात तर वेताळ गावाचा राखणदार देव आहे. रात्री वेशीवर फिरताना झिजतात म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. १९८५ च्या दूरदर्शन मालिकेतला वेताळही प्रश्नकर्ताच होता. २०२५ च्या ‘थामा’ या हिंदी चित्रपटात मात्र बेताळ पुन्हा रक्तपिपासूंच्या कुळात दाखल झाला. एका बर्टनने सुरू केलेले काम दुसऱ्या बर्टनच्या काळाने पुढे नेले, असे गमतीने म्हणता येईल.

२१/
‘थामा’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आहेत, आणि त्यांचीच आधीची कामे आशा दाखवतात. ‘झोंबिवली’ (२०२२) मध्ये त्यांनी डोंबिवलीत झोंबी आणले, पण साथीचे मूळ पाण्यात आणि टॉवर विरुद्ध झोपडपट्टी या विषमतेत ठेवले. परदेशी भूत तिथे गावचे रहिवासी झाले. ‘मुंज्या’ (२०२४) मध्ये लग्नावाचून मेलेल्या पोराची जुनी कोकणी भीती आहे, आणि त्या पोराच्या हट्टातली हिंसाही लपवलेली नाही. परंपरेतले भूत घेताना त्यामागचे देणे सोबत आणले की गोष्ट भरते. ‘थामा’तल्या बेताळाने आपली कोडी आणि आपली वेस दोन्ही मागे ठेवली.

२२/
‘डार्क शॅडोज’ला मराठीतला सर्वांत जवळचा नातलग म्हणजे २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’. कोकणातला वाडा, नाईक घराणे, पूर्वजांची पापे, रोज रात्रीचा भाग. २०१९ च्या दुसऱ्या पर्वातले अण्णा नाईक आणि शेवंता तर घरोघरी पोहोचले. उद्या कोणी यावरून विनोदी चित्रपट काढेल. तेव्हा अण्णा नाईकांच्या मिशांची आणि दराऱ्याची नक्कल करून हशा मिळवणे सोपे असेल. त्या दराऱ्याखाली पिचलेल्या घराला मात्र त्या हशात जागा उरणार नाही, आणि २०१२ च्या बार्नबसची चूक मराठीत पुन्हा घडेल.

२३/
ती टाळण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ‘भुताचा जन्म’ वाचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. आषाढीच्या वाटेवर आजही पालखीच्या मुक्कामी भारूड रंगते. लुगडे नेसलेला वारकरी घुमतो आणि भोवतीच्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. त्यांच्यापैकी एखादीच्या घरी कदाचित अजून देवऋषी येत असेल. पुढच्या खेपेला तो उतारा मागेल तेव्हा तिला हे सोंग आठवले, तर नाथांनी चारशे वर्षांपूर्वी सुरू केलेले काम तिच्या उंबऱ्यावर पुरे होईल. मराठी भयविनोदी चित्रपटाने स्वतःकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.